शेवटची वीस पावलं

आई पुण्याला यायची म्हटलं की घरात पहिली यादी होते ती ठिकाणांची. दगडूशेठ, तुळशीबाग, शनिवारवाडा, जमलंच तर एखादं नाटक, आणि शिवाय तिची स्वतःची मागणी: "मला एकदा मेट्रोत बसायचंय." यादीत चूक काही नसते. पण घरात भिंतीच्या आधाराने स्वयंपाकघरापर्यंत नीट जाणारी आई बाहेर पन्नास पावलांत गुडघा धरून उभी राहत असेल, तर त्या यादीला फारसा अर्थ उरत नाही. गाडी सगळीकडे जाते, मेट्रो बऱ्याच ठिकाणी जाते. घोडं अडतं ते गाडीचं दार आणि देवळाचा उंबरठा, लिफ्ट आणि रस्ता, नाट्यगृहाचं फाटक आणि आतली खुर्ची यांच्या मधल्या वीस पावलांत. बेत आखायचा तो त्या वीस पावलांचा. बाकीचे दहा-पंधरा किलोमीटर होऊन जातात.

पहिला अडसर बहुतेक घरी खुद्द आईच असते. "मी काय पांगळी झालेय का?" हे वाक्य येणार हे धरूनच चालावं. त्यावर वाद घालण्यापेक्षा व्हीलचेअर 'दमल्यावर बसायची खुर्ची' म्हणून बरोबर घ्यावी. पहिल्या दिवशी ती नुसती गाडीत राहिली तरी चालेल. मात्र रिकामी खुर्ची ढकलत तिचाच आधार घेऊन चालण्याचा मध्यममार्ग काढू नये. वॉकर जागेवर थांबतो, व्हीलचेअर पुढे पळते, आणि आधाराला टेकलेला माणूस तिच्यामागे तोंडावर जातो.

दोन-तीन आठवड्यांसाठी खुर्ची विकत घेण्याची गरज नाही. पुण्यात, ठाण्यात, डोंबिवलीत, बहुतेक मोठ्या गावांत 'रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं' असतात. अनामत आणि नाममात्र भाडं भरलं की व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची असं सगळं मिळतं. खुर्ची दोन जातीची. एक नेहमीची, मागे २४ इंची मोठी चाकं असलेली, साधारण १५ ते २० किलोंची. दुसरी छोट्या चाकांची, हलकी, दहा-अकरा किलोंची, विमानतळावर दिसते तशी. हलकी उचलायला सोपी म्हणून मन तिच्याकडे जातं, पण पुण्याच्या रस्त्यांसाठी मोठ्या चाकांचीच घ्यावी. पदपथाची कड चढताना छोटं चाक कडेवर जाऊन थडकतं, मोठं चाक तीच कड घासत वर चढतं. चाकं हवेची असतील तर पंक्चरची काळजी. भरीव रबराची असतील तर दणके जास्त, पण रस्त्यात दगा नाही. पंधरा दिवसांच्या पाहुण्या खुर्चीला भरीव बरी.

केंद्रातून खुर्ची उचलण्याआधी तिथेच पाच मिनिटं द्यावीत. ब्रेक लावून खुर्ची ढकलून बघावी. चाक फिरलं तर ब्रेक सैल आहे. पुढची छोटी चाकं बोटाने हलवून बघावीत. ती लडबडत असतील तर खुर्ची सरळ जाणार नाही, सारखी एका बाजूला ओढेल. पायपट्ट्या, म्हणजे पाय ठेवायच्या पाट्या, दोन्ही बाजूंच्या आहेत ना, आणि पान्याने वर-खाली होतात ना, हे बघावं. मग आपण स्वतः बसावं. बैठकीचं कापड झोळीसारखं खचलेलं असतंच. त्यावर दोन इंचांची घट्ट फोमची गादी लागते. गादी टाकली की बैठक उंच होते, पाय लोंबकळतात आणि मांडीच्या मागच्या बाजूवर सगळा भार येतो. म्हणजे पायपट्ट्याही तेवढ्याच वर घ्यायला हव्यात. हे पान्याचं काम घरीच उरकावं. दगडूशेठच्या दारात पाना शोधत बसायची वेळ येऊ नये.

आता गाडी. पुण्यात भाड्याची गाडी बोलावली की ती बहुधा सीएनजीची येते, आणि डिकी उघडली की आत टाकी आडवी पसरलेली असते. घडी घातलेली खुर्चीही फूटभर जाड असते. ती तिथे जात नाही. मग चालक म्हणतो, "मागच्या सीटवर टाकू." टाकता येते, पण तेवढी एक जागा कमी होते. त्यामुळे निघणारे तीन असतील तर तीनच निघावेत, मावशीला आयत्या वेळी 'चल की' म्हणू नये. गाडीत घालताना पायपट्ट्या काढून वेगळ्या ठेवाव्या लागतात. त्या एका कापडी पिशवीत घालून पिशवी खुर्चीच्या दांड्यालाच बांधावी. (या पिशवीकडे पुन्हा यायचंय.)

आईला बसवायची जागा पुढची, चालकाशेजारची. ती सीट पूर्ण मागे सरकवायची. व्हीलचेअर गाडीला समांतर न लावता किंचित तिरकी लावायची, दोन्ही ब्रेक लावायचे, पायपट्ट्या बाजूला करायच्या. हे विसरून आई पायपट्टीवरच उभी राहिली की सगळी खुर्ची पुढे उलटते. व्हीलचेअरवरून पडण्याचं सगळ्यात घरगुती कारण हेच. मग आधी पाठमोरं होऊन सीटवर बूड टेकायचं, डोकं आत घ्यायचं, आणि शेवटी दोन्ही पाय एकदम आत. कापडी सीटवर वळता येत नसेल तर साडीच्या दुकानाची एक गुळगुळीत प्लॅस्टिकची पिशवी सीटवर टाकावी. तिच्यावर माणूस अलगद फिरतो. बसून झाल्यावर पिशवी काढून घ्यायची, नाहीतर ब्रेक लागला की तीच घसरगुंडी होते. उंच एसयूव्ही दिसायला छान, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती चढण आहे. अगदी बुटकी सेडान म्हणजे विहीर. बसल्यावर गुडघा आणि कंबर साधारण एका रेषेत येतील अशी मधल्या उंचीची हॅचबॅक सगळ्यात सोयीची.

असं एक चढणं किंवा उतरणं सहा-आठ मिनिटं खातं. एका फेरीत ते चार वेळा होतं, म्हणजे निव्वळ चढण्या-उतरण्यात अर्धा तास. चार ठिकाणांचा बेत कागदावर बसतो आणि दुसऱ्याच ठिकाणी आई म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी गाडीतच बसते." हे वाक्य आलं की समजावं, बेत फसला. एका दिवसाला एक ठिकाण. फार तर परतताना एक असं, जिथे उतरायचंच नाही.

बरोबर माणसं दोन हवीत. गाडी लावायला गेलेला माणूस दहा मिनिटांनी येतो. तेवढा वेळ आईला फुटपाथच्या कडेला एकटीला सोडायचं नाही. एकच माणूस असेल तर स्वतःची गाडी नेऊ नये, भाड्याची करावी. पार्किंगचा प्रश्न चालकावर सोडता येतो, हा त्यातला मोठा फायदा.

आता त्या वीस पावलांची चौकशी. फोन करून "व्हीलचेअर येते का?" असं कधी विचारू नये. महाराष्ट्रात या प्रश्नाला एकच उत्तर आहे: "येते की! आणा बिनधास्त." सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या मते दोन पायऱ्या म्हणजे पायऱ्याच नव्हेत, आणि चार पोरं उचलायला हजर आहेत. विचारायचं असं: गाडी जिथे थांबते तिथपासून आतल्या टेबलापर्यंत किती पायऱ्या? एक असली तरी सांगा. स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का? त्याचं दार किती रुंद, आणि ते आत उघडतं की बाहेर? शेवटच्या प्रश्नाला पलीकडे शांतता पसरते. मग "एक फोटो पाठवता का?" असं म्हणावं. लोक पाठवतात.

त्याहून भरवशाचे म्हणजे नकाशावर भेट देणाऱ्यांनी टाकलेले फोटो. सगळे जण कमान आणि कळस बघतात. आपण फोटोची खालची कड बघायची. तिथे उंबरठा दिसतो, पायरीची संख्या दिसते, फरशी की पेव्हर ब्लॉक ते दिसतं. गुगलचं स्ट्रीट व्ह्यू भारतात २०२२ साली ज्या पहिल्या काही शहरांत आलं त्यांत पुणं होतं, त्यामुळे रस्त्यावरून पदपथाची कडसुद्धा घरबसल्या दिसते. तरी चित्र जुनं असतं आणि पुण्यात खोदाई नवी असते. शक्य असेल तर आदल्या दिवशी रिकामी खुर्ची घेऊन एक चक्कर मारावी. खिशात मोजपट्टी. नेहमीच्या खुर्चीची बाहेरची रुंदी ६० ते ६६ सेंटिमीटर असते. दार किंवा दोन खांबांमधली फट ७५ तरी हवी.

खांब म्हणजे ते स्टीलचे. दुचाक्या पदपथावर चढू नयेत म्हणून पदपथाच्या तोंडाशी उभे केलेले. हेतू रास्त आहे, पुण्यात राहणाऱ्या कोणालाही तो पटेल. पण फट इतकी कमी ठेवतात की दुचाकी कशीबशी तिरकी होऊन जाते आणि व्हीलचेअर अडकते.

रॅम्पचंही तसंच. 'रॅम्प आहे' हे ऐकून खूश होऊ नये. तो कोणासाठी बांधलाय ते बघावं. पुष्कळदा तो मालकाची स्कूटर आत घ्यायला केलेला सिमेंटचा उतार असतो. हिशेब सोपा आहे. दर फूटभर चढायला बारा फूट लांबी, हे १:१२ चं प्रमाण सरकारी मानकांत आहे. ३० सेंटिमीटर चढायचे तर ३ मीटर ६० सेंटिमीटर उतार पाहिजे. आई आणि खुर्ची मिळून ८० किलो धरले तर अशा उतारावर ढकलणाऱ्याला साडेसहा-सात किलोंचा जोर लागतो, एक हात पुरतो. तेच ३० सेंटिमीटर मीटरभरात चढवणाऱ्या स्कूटरच्या उतारावर जोर लागतो २३ किलोंचा, म्हणजे जवळजवळ अर्धं सिमेंटचं पोतं, आणि तेही हात न सोडता. वर जाताना जमेल एखाद्या वेळी. उतरताना पुढे तोंड करून सोडलं तर आई आधी पोचते.

म्हणून तीव्र उतार नेहमी पाठमोरा उतरायचा: ढकलणारा खाली, खुर्चीची पाठ खालच्या बाजूला, आईचं तोंड चढाकडे. आईला हे चमत्कारिक वाटतं, तेव्हा आधी सांगावं.

कायद्यात हे सगळं आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा, सुगम्यतेची सुधारित मानकं २०२१ ची. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर, वळायला दीड मीटरची मोकळी जागा, सगळं लिहिलेलं. पदपथाची कड १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको, असं रस्त्यांच्या मानकांतही आहे. प्रत्यक्षात काही ठिकाणी ती चांगली वीतभर भरते. कागदाला दोष देऊन त्या क्षणी खुर्ची वर चढत नाही, त्यामुळे कड चढवण्याची पद्धत हातात बसलेली बरी.

खुर्चीच्या मागे, खाली, दोन्ही बाजूंना बोटभर लांब दांड्या बाहेर आलेल्या असतात. बहुतेकांना त्या कशासाठी ते माहीत नसतं. पदपथासमोर खुर्ची सरळ आणायची, तिरकी नाही. आईला सांगायचं, "मागे टेक, हात मांडीवर." एक पाय त्या दांडीवर ठेवून दाबायचा आणि ढकलायच्या मुठी किंचित खाली ओढायच्या, पुढची छोटी चाकं उचलली जातात. ती कडेवर टेकवायची. मग पुढे सरकून मोठी चाकं कडेला भिडेपर्यंत ढकलायचं, आणि आता उचलायचं नाही, मांडीचा जोर लावून पुढे ढकलायचं. चाकं घासत चढतात. पाठीत उसण भरते ती हाताने उचलायला गेल्यावर. उतरताना उलट: पाठमोरं व्हायचं, आधी मोठी चाकं खाली, मग छोटी. हे घराखालच्या पार्किंगमध्ये शेजारच्या पोराला खुर्चीत बसवून दहा वेळा करावं. पोरालाही मजा येते.

पायऱ्या आल्याच तर मदतीला माणसं धावून येतात, आपल्याकडे त्याची कमतरता नाही. चार जण चारी बाजूंनी हात घालतात आणि दोघांच्या हातात खुर्चीचा हात किंवा पायपट्टी येते. हे दोन्ही भाग निघणारे असतात. तेव्हा उचलण्याआधी मोठ्याने सांगायचं: "हात धरू नका, पायपट्टी धरू नका, खालची चौकट धरा. मी तीन म्हटल्यावर." आज्ञा एकाचीच. आईचा पदर आधी खोचलेला. पदर, शाल, ओढणी यांचं आणि चाकाच्या आऱ्यांचं जुनं वैर आहे. चाकात गुंतलेला पदर मानेला ओढ देतो. मुठींना भरलेली पिशवी अडकवायची नाही हेही तसंच. आई उभी राहते, पुढचं वजन जातं, आणि पिशवी खुर्चीला मागे पाडते.

आता पुण्यातल्या पुण्यात कुठे. दगडूशेठसाठी पहाट उत्तम, संकष्टी आणि मंगळवार सोडून. या देवळाची एक मोठी सोय म्हणजे मूर्ती बाहेर रस्त्यावरूनही दिसते. वीस पावलं शून्यावर आली. ज्या आईला गाभाऱ्यापर्यंत गेल्याशिवाय दर्शन झाल्यासारखं वाटत नाही तिच्यासाठी रांगेची चौकशी आदल्या दिवशी मंदिरात प्रत्यक्ष जाऊन करावी; पण पुष्कळ आया सकाळी सहाला, गर्दी नसताना, समोरून दोन मिनिटं निवांत हात जोडायला मिळाले यावर जास्त खूश असतात. दुपारी अकरानंतर शिवाजी रस्त्यावर खुर्ची काढणं म्हणजे हट्ट. तुळशीबागेचं तेच. गल्लीत खुर्ची शिरते, वळत नाही. तिथे आईला काय हवं ते विचारून एकाने आत जावं, व्हिडिओ कॉलवर वस्तू दाखवाव्यात आणि घासाघीस आईनेच फोनवरून करावी. ती आपल्यापेक्षा चांगली करते.

मेट्रो हा खरं तर स्वतंत्र कार्यक्रमच आहे. गरवारे महाविद्यालयापासून पुढे गाडी मुठेच्या कडेने उंचावरून जाते. जिल्हा न्यायालय स्थानकात बदलून स्वारगेटकडची गाडी पकडली की तीच मुठा डोक्यावरून जाते, कारण पुढचा बोगदा नदीखालून काढलाय. तिथून दुसरं स्थानक मंडई. सप्टेंबर २०२४ मध्ये हा टप्पा सुरू झाल्यापासून पेठांत जायला गाडी काढायची गरज उरली नाही. पण जिल्हा न्यायालयाचं स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे आणि वरच्या मार्गिकेवरून खालच्या मार्गिकेवर यायला एकापेक्षा जास्त लिफ्ट बदलाव्या लागतात. त्या बदलाला वीस मिनिटं धरा. गर्दीच्या वेळी लिफ्टसमोर धडधाकट तरुणांची रांग असते; मुकाट उभं न राहता "जरा जागा द्या" म्हणावं, देतात. सरकत्या जिन्यावर खुर्ची, आई तयार असली तरी, कधीही नाही.

मेट्रोत वीस पावलं लपलेली असतात ती रस्त्यावर. स्थानकाला प्रवेशद्वारं अनेक, लिफ्ट प्रत्येकाला असतेच असं नाही. चुकीच्या बाजूला उतरलं तर रस्ता ओलांडायचा, आणि लिफ्टपासून रस्त्यापर्यंत येताना मध्ये पार्क केलेल्या दुचाक्या. लिफ्ट नेमकी कुठल्या प्रवेशद्वाराला हे आधी बघून ठेवावं. आत गेल्यावर रुंद फाटक वापरायचं, कर्मचाऱ्यांना कुठे उतरणार ते सांगून ठेवायचं. फलाट आणि डबा यांच्यातली फट छोटी असली तरी पुढचं छोटं चाक तिच्यात आडवं होऊन बसू शकतं, म्हणून डब्यात शिरताना पाठमोरं, मोठी चाकं आधी. बाहेर पडतानाही तसंच. डब्यावर व्हीलचेअरचं चिन्ह असतं तिथे जागा राखून ठेवलेली असते. खुर्ची तिथे लावून ब्रेक. आणि आईचं तोंड खिडकीकडे करा हो, बाकी सगळं बरोबर करून लोक तिला दाराकडे बघत बसवतात.

जंगली महाराज रस्ता हा चक्कर मारायला पुण्यातला सगळ्यात बरा. पदपथ नव्याने बांधलेला, रुंद, झाडांखालचा. पाताळेश्वरचं लेणं मात्र नावाप्रमाणेच खाली आहे, पायऱ्या उतरून. ते सोडून द्यावं. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांचं तर नावच काढू नये. पिवळ्या उंचवट्यांच्या फरश्या अंध व्यक्तींसाठी असतात. त्यांच्यावरून खुर्ची नेली तर आईचे दात वाजतात, एक हात बाजूने जावं. गटाराच्या जाळ्यांच्या फटी आपल्या दिशेनेच असतील तर छोटं चाक आत जातं, तिरकं ओलांडावं. पावसाळ्यात सुटलेला पेव्हर ब्लॉक आपल्या पायाखाली नुसता पचकतो, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या पायावर मात्र सगळी पिचकारी येते. शिवाय ओल्या टायरवर ब्रेक धरत नाही. जून ते सप्टेंबर छत असलेलीच ठिकाणं निवडावीत.

छत म्हटलं की नाटक. याच रस्त्यावरचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ सालचं, आणि कोल्हापूर-साताऱ्याकडून आलेल्या आईला 'बालगंधर्वला नाटक बघितलं' हे गावी जाऊन सांगण्यासारखं असतं. नाट्यगृह कुठलंही असो, तिकीट ऑनलाइन काढण्याआधी खिडकीवर जाऊन एकदा विचारावं: पायऱ्या न चढता कुठल्या रांगेपर्यंत जाता येतं? त्या रांगेतली कडेची खुर्ची घ्यावी. पहिल्या रांगेचा मोह नको. प्रेक्षागृहाला उतार असतो, पुढे जाताना खुर्ची धावते आणि परत येताना चढ. आईला नाट्यगृहाच्या खुर्चीत बसवून व्हीलचेअर घडी करून दारवानाकडे द्यायची. तिसऱ्या घंटेच्या गर्दीत हे होत नाही, "पंधरा मिनिटं आधी आत सोडाल का?" असं विचारलं की सोडतात. मध्यंतरात स्वच्छतागृहाला रांग लागते. मध्यंतर होण्याच्या पाच मिनिटं आधी बाहेर पडावं किंवा तिसरी घंटा होऊन रांग ओसरल्यावर जावं. एखादा प्रवेश चुकतो, त्याला इलाज नाही.

आणि स्वच्छतागृह हाच सगळ्या बेताचा खरा कणा. बाहेर जायचं म्हटलं की पुष्कळ आया सकाळपासून पाणी पीत नाहीत, आणि कोणाला सांगतही नाहीत. दुपारी चक्कर येते ती उन्हाने असं सगळ्यांना वाटतं. रक्तदाबासाठी किंवा सुजेसाठी 'पाण्याची गोळी' चालू असेल तर ती तासाभरात काम सुरू करते आणि पुढचे सहाएक तास करत राहते. सकाळी सातला घेतली तर एकपर्यंतचा बेत स्वच्छतागृहाला धरूनच आखावा. त्यापेक्षा दुपारी चारनंतर निघावं. गोळीची वेळ बदलायची झाली तर डॉक्टरांना विचारून. बेतासाठी परस्पर बंद करायची नाही. जागा हेरताना मॉल, मोठी रुग्णालयं आणि मेट्रो स्थानकं ही तीन ठाणी लक्षात ठेवावीत. दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहाला पुष्कळदा कुलूप असतं, किल्ली सफाई कर्मचाऱ्याकडे, आणि आत बादल्या नि झाडू. पोचल्याबरोबर, गरज लागण्याआधीच, ते उघडून घ्यावं. पिशवीत एक जादा परकर किंवा सलवार, ओले रुमाल, घालायचा डायपर असला की आई निम्म्या काळजीतून सुटते. तो तिच्यासमोर चार जणांत काढून दाखवायचा नाही, एवढं भान हवं.

गादी असली तरी अर्ध्या-पाऊण तासाने थोडं उठवावं, निदान डावी-उजवीकडे कलायला सांगावं. मधुमेह असेल तर पायांकडे बघत राहावं. पाय पायपट्टीवरून घसरून जमिनीवर घासत असला तरी तिला कळत नाही. उन्हात उभ्या राहिलेल्या खुर्चीचे स्टीलचे भाग तापतात, बसवण्याआधी हात लावून बघावा.

रहदारीत ढकलणाऱ्याचं बोलणं खुर्चीतल्या माणसाला ऐकू येत नाही. तोंड तिच्या डोक्यावरून पुढे जातं. थांबून, समोर येऊन बोलावं. हॉटेलात वेटर ढकलणाऱ्याकडे बघून विचारतो, "आजींना काय आणू?" उत्तर देऊ नये. आईकडे बघावं. मेनूकार्ड तिच्या हातात, पैशांची पर्सही तिच्याच मांडीवर. आणि सगळ्यात थकल्या दिवशी खडकवासल्याच्या कडेला गाडी उभी करून, न उतरता, खिडकीतून कणीस घ्यावं. रविवार टाळून. शून्य पावलं.

घरी आल्यावर मोजलेली मापं फोनमध्ये टिपून ठेवावीत: कुठल्या प्रवेशद्वाराला लिफ्ट, कुठे दोन पायऱ्या, किल्ली कोणाकडे. आई दिवाळीला पुन्हा येते. खुर्ची परत करताना चाकं पुसून द्यावीत, आणि केंद्रातून अनामत मागण्याआधी ती कापडी पिशवी एकदा बघावी. पायपट्टी हमखास एकच असते. दुसरी कुठल्यातरी गाडीच्या मागच्या सीटखाली.